साहेबाचं बी

परवा निगडीच्या एका औषधाच्या दुकानात थोरल्या सुनेबरोबर उभा होतो. वय ऐंशीच्या पुढे गेलेलं, त्यामुळे दुकानदारानं आपण होऊन स्टूल दिलं. पुढे एक तरुण गिऱ्हाईक होतं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हिंजवडीहून सुटून आलेला असावा. त्यानं लिव्हरसाठी मिल्क थिसलच्या गोळ्या मागितल्या. दुकानदारानं बाटली काढली, त्यानं ती पाठीवरच्या पिशवीत टाकली आणि गेला. बाटलीवर जांभळ्या फुलाचं चित्र होतं. ते फूल मी ओळखलं.

सून म्हणाली, "बाबा, काय झालं? चक्कर येतेय का?"

मी म्हटलं, "नाही. एक जुनं गिऱ्हाईक आठवलं."

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या आठवणी लिहायला सांगितल्या, तेव्हा गमतीजमती लिहाव्यात असं मनात होतं. चिंचवड गावात चाळीस वर्षं काष्ठौषधींचं दुकान चालवलं म्हटल्यावर गमती कमी नाहीत. पण त्या दिवसापासून लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढे येते. ज्यांच्यासमोर ती घडली ती माणसं सोडली, तर आजवर मी ती घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही. तेव्हा तीच लिहितो.

काष्ठौषधी म्हणजे झाडपाल्याचं सुकं औषध. मुळं, साली, पानं, बिया, फळं. डॉक्टर चिठ्ठी लिहितो आणि केमिस्ट गोळ्या देतो, तसं वैद्य चिठ्ठी लिहायचे आणि आम्ही पुड्या बांधायचो. माझ्या दुकानाला लागूनच एका वृद्ध वैद्यांचं घर होतं. सगळे त्यांना नाना म्हणत. दुकान त्यांच्याच सांगण्यावरून मी काढलं आणि धंदाही त्यांनीच शिकवला. हा धंदा विकण्याचा नाही, ओळखण्याचा आहे. माल आणणारे वैदू आणि ठाकर डोंगरातून गाठोडी घेऊन येत. गाठोड्यात निम्मं हवं ते आणि निम्मं त्याच्यासारखं दिसणारं. नाना एकेक मूळ हातात देऊन विचारत, "हे काय?" मी नुसतं बघून सांगितलं की ते रागवत. "डोळ्यांनी नको सांगूस दत्तू. मोड, वास घे, जिभेला लाव."

काविळीचं औषध म्हणजे भुईआवळी, कुटकी, गुळवेल. भुईआवळी तर शेताच्या बांधावर उगवते. पानांच्या दांडीखाली आवळ्यासारखी पण मोहरीएवढी फळं ओळीनं लटकलेली असतात, म्हणून ते नाव. पण तिच्यासारखी दिसणारी आणखी दोन-तीन रोपटी तिच्याच शेजारी वाढतात. दोन वर्षांत मी ती डोळे मिटून वेगळी करायला लागलो. मला त्याचा अभिमान होता. तो जरा जास्तच होता, हे पुढे कळलं.

त्या काळी काविळीचं गिऱ्हाईक पुष्कळ. विहिरी, ओढे, उघडं पाणी. शिवाय पिंपरीला एकामागून एक कारखान्यांची कामं सुरू झालेली, ठिकठिकाणची माणसं झोपड्या टाकून राहिलेली. माझ्याकडे एक कावीळ उतरवणारा बुवा यायचा. तो माझ्याकडून आंब्याच्या सालीची पूड न्यायचा. रोग्याच्या हाताला ती पूड चोळायची, वर चुन्याची निवळी ओतायची. पाणी पिवळंजर्द होतं. लोकांना वाटायचं, कावीळच उतरली. मी एकदा त्याला चिडून म्हटलं, "बुवा, ही फसवणूक आहे." तो शांतपणे म्हणाला, "शेट, दहातले नऊ आपले आपणच बरे होतात. मी त्यांना पथ्य सांगतो, निजवून ठेवतो आणि धीर देतो. तुमची भुईआवळी याच्यापेक्षा जास्त काय करते, ते तरी तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला राग आला, पण त्याचं म्हणणं पुरतं खोटं नव्हतं. कावीळ बहुतेकदा आपल्या पायानं जाते. त्या वेळी तोंडात जे औषध असेल, त्याला यश मिळतं.

आता मूळ गोष्ट.

माघ महिना होता. साल नेमकं आठवत नाही, पण पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. दुपारच्या सुमाराला सावळाराम दुकानात आला. हा चाकणच्या अलीकडच्या एका वाडीचा. घरची शेती थोरला भाऊ ज्ञानू बघायचा आणि हा पिंपरीला एका जर्मन साहेबाकडे स्वयंपाकाला होता. साहेब एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले. सावळारामला मी ओळखत होतो, कारण त्यांची मडम, एल्साबाई, त्याच्या हाती माझ्याकडून बडीशेप आणि ज्येष्ठमध मागवायची. त्यानं कागदाची एक पुडी उलगडून समोर ठेवली. आत दहा-बारा बिया. तपकिरी काळसर, चकचकीत, करडईपेक्षा बारीक आणि लांबट.

"शेट, आमच्या बाईंनी इचारलंय, ह्ये बी हाय का तुमच्याकडं? साहेबाला रोज लागतंय. डबा संपत आला."

मी बी चावून पाहिलं. किंचित तेलकट, कडवट. ओळख पटेना. मला ओळखता येत नाही असं गिऱ्हाइकासमोर म्हणणं जिवावर आलं, म्हणून म्हणालो, "रोप बघायला पाहिजे. मी येतो बंगल्यावर."

दुसऱ्या दिवशी सायकल मारत गेलो. एल्साबाई चाळिशीची, उंच, केसात पांढरं डोकावू लागलेलं. मोडकंतोडकं इंग्रजी तिचंही आणि माझंही, त्यामुळे आमचं छान जमलं. तिनं सांगितलं, लढाईच्या दिवसांत तिच्या नवऱ्याला फार मोठी कावीळ झाली होती. तेव्हापासून यकृत नाजूक. त्यांच्याकडे खेड्यापाड्यातल्या बायका यकृतासाठी हे बी देतात. ती ते खलात कुटून एक चमचा गरम पाण्यात भिजवायची आणि रोज सकाळी नवऱ्याला पाजायची. तिच्याकडे वहीत दाबून ठेवलेलं एक पान होतं. कडेला काटे आणि हिरव्यावर पांढऱ्या रेघा, कुणी दूध सांडावं तशा. मेरीमातेच्या दुधाचे थेंब पडून या रेघा उमटल्या असं तिची आजी सांगायची. फुलाचं तिनं पेन्सिलीनं चित्र काढून दाखवलं आणि रंग सांगायला बागेतल्या जांभळ्या फुलाकडे बोट केलं.

मी सांगितलं, "हे आमच्याकडे नाही. मुंबईला व्यापाऱ्याकडे चौकशी करतो."

इथवर माझं काही चुकलं नाही.

परत निघालो तेव्हा सावळाराम फाटकापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "शेट, आमच्या दादाला बी कावीळ झालीया. डोळं पिवळं हळद. तुमची भुईआवळी चालू हाय, पन गुण दिसंना. ह्या साहेबाच्या बीवानी आपल्याकडं कायच उगवत न्हाई व्हय?"

रस्त्याच्या पलीकडे पडीक रान होतं. तिथे पिवळा धोत्रा माजला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुडघाभर उंच रोप, पिवळं पातळ फूल, काटेरी बोंड, मोडलं की पिवळा चीक येतो. आणि पान काटेरी, त्यावर पांढऱ्या शिरा. मी सायकलवर टांग टाकता टाकता म्हणालो, "पान बघशील तर आपल्या ह्या धोत्र्यासारखंच आहे की! काटे तसेच, शिरा तशाच. भावकीतलंच असणार."

एवढंच बोललो. आणि पायडल मारलं.

मोहरीच्या पोत्यातून पिवळ्या धोत्र्याचं बी निवडून टाकायचं असतं, नाहीतर माणूस सुजतो, हे मला धंद्याच्या पहिल्या वर्षी नानांनी शिकवलं होतं. ते मला माहीत होतं. विसरलो नव्हतो. पण ते विष आहे, खाऊ नकोस, असं सांगायचं सुचलं नाही, कारण कुणी ते खाईल असं मनातच आलं नाही. नवीन वनस्पती पाहिल्याच्या आनंदात मी होतो आणि आपल्याला तिचं सोयरंही सापडलं म्हणून खूश होतो. आणि ते सोयरंही नव्हतं. नुसता तोंडावळा सारखा होता.

फाल्गुन गेला. मुंबईच्या व्यापाऱ्याचं उत्तर आलं, की असा माल येत नाही. एल्साबाईनं तिच्या बहिणीला लिहून घरूनच पार्सल मागवलं. माझ्या लेखी तो विषय संपला.

चैत्रात सावळाराम पुन्हा आला. चेहरा ओढलेला. म्हणाला, "दादाची कावीळ गेली शेट. डोळं पांढरंफेक झालं. पन आता पायावर सूज आलीया. कायतरी द्या."

सुजेवर पुनर्नवा देतात. आमच्याकडे ती घेटुळी म्हणून ओळखतात. मी मुळं काढली, कुटली, पुडी बांधली, काढा कसा करायचा ते सांगितलं. रोगी काय खातोय हे विचारलं नाही. वैद्याची चिठ्ठी नसताना औषध द्यायचं नाही हा नानांचा दंडक होता. तो मी ओळखीच्या माणसासाठी मोडला, आणि विचारायचं तेही विचारलं नाही.

आठ-नऊ दिवसांनी तो परत आला. या वेळी आत न येता उंबऱ्याशीच उभा राहिला.

"जास्ती द्या शेट. आता वैनीचं पाय बी सुजल्यात. लाल झाल्यात, आग हुतीया म्हनती. दिव्याकडं बगितलं की भवतीनं रंगीत कडी दिसत्यात म्हनती."

"वहिनीलाही कावीळ झाली होती का?"

"न्हाई. पन आळीत लई जनांना झाली, म्हनून तिनं आधीच चालू केलं."

"काय चालू केलं?"

तो म्हणाला, "त्येच की. साहेबाचं बी."

हातातला तराजू खाली ठेवल्याचं आठवतं. मी विचारलं, "साहेबाचं बी तुझ्याकडे कुठून आलं?"

"तुमीच न्हाई का दावलं? धोत्र्याचं. बाई कुटती तसंच रोज चमचाभर कुटून देतुया. दादाची कावीळ त्येनंच उतरली म्हनून आळीतली आनखी तीन घरं घेत्यात."

मी नानांकडे गेलो. नाना ओसरीवर वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं, फक्त धोत्र्याचं नाव कुणी घेतलं तेवढं सोडून. ते ऐकूनच उठले. "मला सायकलवर बसवत नाही. तू जा. आधी बी बंद कर आणि माणसाला पुण्याच्या इस्पितळात हलव. औषध एकही देऊ नकोस. आता औषध आपलं नाही."

भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल. सावळाराम पुढच्या दांडीवर. उन्हाळी कांद्याची काढणी चालू होती आणि पडीक तुकड्यांवर धोत्र्याची बोंडं वाळून तडकली होती.

ज्ञानू भिंतीला टेकून बसला होता. चाळिशीच्या आतला माणूस. आडवं झालं की धाप लागते, म्हणून तीन दिवस तो बसूनच होता. पायाच्या नळीवर मी अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मला बघून तो म्हणाला, "शेट, कावीळ गेली बरं का. बी लई गुनाचं हाय."

त्याची बायको पारूबाई चुलीपाशी होती. तिचे पाय घोट्यापासून लाल, चमकणारे. आठ-नऊ वर्षांची लेक तानी दारात उभी होती, तिचंही पाऊल किंचित भरलेलं दिसलं. कोनाड्यात बियांचा डबा होता. तो मी घेतला आणि सावळारामला म्हटलं, "बाकीची घरं दाखव."

तीनही घरांतलं बी गोळा करून आणलं तोवर आळीतली माणसं ज्ञानूच्या अंगणात जमली होती. मी सांगितलं, "हे विष आहे. याच्यामुळेच सूज येते. आजपासून कुणी एक दाणासुद्धा तोंडात घालायचा नाही. ज्ञानूला आजच पुण्याला न्यायचं."

ज्ञानूचे चुलते, धोंडीबा, वाडीतले वडीलधारे. ते सावळारामकडे वळले. "कुनी सांगितलं रं तुला ह्ये बी द्यायला?"

सावळारामनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी पुढे होऊन बोलेन एवढी वाट त्यानं बघितली. मग मान खाली घालून म्हणाला, "कुनी न्हाई. म्या साहेबाच्या घरी बगितलं."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी ते बोललो नाही. समोर पंधरा-वीस माणसं उभी होती. चाकण, मोशी, चऱ्होलीपर्यंतची माणसं माझ्या दुकानात येत. ती 'दत्तूशेटकडचं औषध' म्हणत, तेव्हा मला बरं वाटायचं. त्या वेळी मी मनाशी म्हणालो, आधी माणसाला हलवू, मग बोलू. हे खरं कारण नव्हतं.

कांद्याच्या ट्रकमध्ये पोती हलवून ज्ञानूला पाठीला टेका देऊन बसवलं. मी आणि सावळाराम बरोबर होतो. इस्पितळात डॉक्टरांनी नीट तपासलं, आम्ही नेलेलं बी पाहिलं. म्हणाले, "हृदयावर ताण आलाय. फुप्फुसात पाणी आहे. आठवडाभर आधी आणायला हवं होतं." आठवडाभर आधी मी घेटुळीची पुडी बांधत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी ज्ञानू गेला.

बी बंद झाल्यावर बाकीच्यांची सूज महिना-दीड महिन्यात उतरली. तानीला पुढे काही झालं नाही. पारूबाईच्या डाव्या डोळ्याची दृष्टी मात्र गेली, ती परत आली नाही.

सावळारामला घरात घेतलं नाही. भावाला खांदा द्यायला तो पुढे झाला तेव्हा धोंडीबांनी त्याला हातानं मागे सारलं. मी तिथेच होतो, चार पावलांवर. तेव्हाही बोललो नाही. दहाव्यालाही त्याला नदीवर येऊ दिलं नाही. तो पिंपरीला बंगल्यामागच्या खोलीत राहायला लागला. माझ्या दुकानाकडे तो फिरकला नाही, आणि मला कुठे दोष दिल्याचंही कानावर आलं नाही. दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

वैशाखाच्या अखेरीला एक दिवस एल्साबाई एकटीच दुकानात आली. आधी कधी आली नव्हती, नेहमी सावळारामच यायचा. तिला त्याच्याकडून भाऊ गेल्याचं कळलं होतं, आणि मोडक्या हिंदीत, खुणांनी विचारून विचारून बियांचंही कळलं होतं. पण त्यानं तिलाही एवढंच सांगितलं होतं, की मी तुमचं बघून केलं.

ती माझ्यासमोर बसली. हातात रुमाल होता, त्याची ती घडी घालत होती आणि उलगडत होती. म्हणाली, "मी त्याच्यासमोर रोज कुटत होते. बी वेगळं आहे हे मी त्याला सांगायला हवं होतं. दत्तोबा, यात माझी चूक आहे ना?"

मी म्हटलं, "नाही."

"मग कुणाची?"

मी तराजूची पारडी पुसायला घेतली. ती म्हणाली, "मला त्या बाईला भेटायचं आहे. तुम्ही माझ्याबरोबर या. मला त्यांची भाषा येत नाही."

ती गेल्यावर मी नानांकडे गेलो आणि राहिलेलं तेवढं सांगितलं. फाटकाशी काय बोललो ते, वाडीत गप्प राहिलो ते, सगळं. मला वाटलं नाना खूप बोलतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "दत्तू, हे मला कशाला सांगतोस? माझं कोण मेलंय?"

दोन दिवसांनी साहेबांच्या गाडीतून आम्ही वाडीवर गेलो. एल्साबाई, मी आणि सावळाराम. सावळाराम येत नव्हता. तिनं त्याचा दंड धरून गाडीत बसवला. वाडीच्या अलीकडे तो उतरला आणि लांबून चालत आला. अंगणाच्या कडेला गोठ्याशी उभा राहिला.

पारूबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. परकी बाई बघून उठली, पदर सावरला. तानीनं घोंगडी अंथरली. एल्साबाई घोंगडीवर न बसता पारूबाईला खाली बसवून तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिचा हात हातात घेतला. काही बोलू लागली, ते तिच्याच भाषेत. मलाही कळलं नाही. पारूबाईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "हिच्या मालकाचं कसं हाय? बरं हाय का?"

मी विचारून सांगितलं, "बरं आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "हिचा तरी हाय."

धोंडीबा काठी टेकत आले होते. शेजारची दोन-चार माणसं कुंपणाशी आली होती. सगळे गोठ्याकडे पाठ करून उभे होते. आता बोललो नाही तर यापुढे कधीच बोलणार नाही, एवढं मला त्या वेळी स्पष्ट कळलं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "पारूबाई, ते बी सावळारामनं आपल्या मनानं आणलं नाही. साहेबाच्या घरचं बी वेगळं आहे. त्याची आणि धोत्र्याची ओळख नाही, देख नाही. दोन्ही सारखीच, एकाच भावकीतली, असं त्याला मी सांगितलं. विष आहे हे मला माहीत होतं आणि तेवढंच मी सांगितलं नाही. नंतर सूज आली म्हणून तो आला, तेव्हाही मी विचारलं नाही. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि इथे सगळ्यांसमोर माझं नाव झाकलं. मी ते झाकू दिलं."

धोंडीबांनी माझ्याकडे पाहिलं, मग गोठ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं काठी उगारतील. उगारली असती तरी मी हललो नसतो.

पारूबाई तिच्या चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "मंग इतकं दिस गप का बसला?"

या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. तेव्हापासून कितीतरी वेळा मनातल्या मनात दिलं आहे. दुकानाचं नाव, लोकांची भीती, तरुण वय. त्यातलं एकही तिच्यासमोर बोलता आलं नसतं.

पारूबाईनं सूप बाजूला सारलं. ओट्याच्या कडेला येऊन गोठ्याच्या दिशेनं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "भावजी, तितं काय उभं ऱ्हायलाय? हात-पाय धुवा. भाकरी झालीया, आत या."

सावळाराम जागचा हलेना. धोंडीबांनी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. तेव्हा तो अंगण ओलांडून आला. माझ्याजवळून जाताना थांबला नाही. रांजणातलं पाणी घेऊन त्यानं पाय धुतले आणि वाकून आत गेला. तानी त्याच्या मागोमाग गेली.

एल्साबाईला यातलं काही समजलं नव्हतं. तिनं मला हळूच विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"दिराला जेवायला बोलावलं."

"आणि तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला काही म्हणाल्या नाहीत."